बडोद्याच्या रसायनशाळेतून तुर्भ्याकडे

बडोद्यास रसायनविद्या नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले; १९४९ साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. भोवती तेलशुद्धीचे, खतांचे व औषधांचे कारखाने असल्याने एम.एस्सी. झालेल्या मुलाने लवकर पगारावर लागावे, असे घरच्यांना वाटते. त्यातून त्याने असेंद्रिय रसायन घेतले असले, तर 'यातून पुढे काय?' हा प्रश्न ठरलेलाच. वाचकहो, त्याचे एक उत्तर आम्ही येथे देत आहो.

तुर्भे येथील अणुऊर्जा प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या काही रसायनज्ञांच्या वाट्यास औषधी समस्थानिकांचे काम येते. आयांना किरणांची धास्ती वाटते, व ती निराधार नव्हे. म्हणूनच हे काम शिशाच्या भिंतीआड, छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावून करावे लागते.

आरंभीच्या अपयशाने मात्र कोणी खचू नये. हंगेरीचा तरुण रसायनज्ञ हेवेशी १९११ साली मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्याकडे गेला. शिशातून रेडियम-डी वेगळे काढण्याचे काम त्याला मिळाले. पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. कारण रेडियम-डी हे शिसेच होते! वेगळे होत नाही, तर शिशाची खूण म्हणूनच ते वापरावे, असे त्यास सुचले. या युक्तीबद्दल त्यास १९४३ चे नोबेल पारितोषिक लाभले.

आज रुग्णाच्या हाडांतील दोष दाखविण्यास टेक्नेशियम-९९एम वापरतात. दर सहा तासांनी तो निम्मा उरतो. आज सकाळचा उद्या सकाळी सोळावा हिस्सा. म्हणून रुग्णालयास त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवितात. तो ॲल्युमिनाच्या नळीत धरून ठेवलेला असतो. मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम तेवढा धुऊन निघतो. शास्त्रज्ञ या नळीस थट्टेने गाय म्हणतात. परंतु हे दूध आपणहून हाडात जात नाही. कथिलाच्या क्षाराच्या साहाय्याने फॉस्फोनेटशी त्याची गाठ बांधावी लागते, आणि ही गाठ बांधणे हेच असेंद्रिय रसायन. धातूंच्या संयुगांचा तो धडा ज्याने केवळ परीक्षेपुरता घोकला असेल, त्याने पुस्तक पुन्हा उघडावे.

मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मा होतो. आठवड्याने गाईचे दूध सहाव्या हिश्शावर येते, आणि तोवर नवी पेटी वाटेस लागलेली असावी लागते.