शहाळ्याच्या पाण्यावर वाढणारं ऑर्किड

उन्हाळ्यात आपण शहाळं पितो ते पोटाला गार वाटावं म्हणून. बॉटनीच्या लॅबमध्ये मात्र तेच पाणी बाटलीतल्या इवल्याशा ऑर्किडना पाजलं जातं. खरंच!

ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका शेंगेत हजारो, काही जातींत तर लाखो बिया. पण हरभऱ्यासारखी अन्नाची शिदोरी एकीकडेही नसते. जंगलात योग्य ती बुरशी भेटली आणि तिने खाऊ घातलं, तरच बी रुजतं. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं.

यात शहाळं कुठून आलं? नारळाचं पाणी हा नारळाच्या कोंबासाठीचा पातळ अन्नसाठाच. १९४१ मध्ये व्हान ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मदतीने धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवले. या पाण्यात साखर, अमिनो आम्लं तर असतातच, शिवाय सायटोकायनिन, म्हणजे पेशींना ‘विभागा’ असं सांगणारी संप्रेरकंही असतात. ऑर्किडच्या माध्यमात ते साधारण १० ते १५ टक्के घालतात. केळ्याचा गर आणि बटाट्याचा अर्कही वापरतात.

स्वस्त आणि मस्त! पण एक गोची आहे. प्रत्येक नारळ वेगळा. कोवळा की जून, कुठल्या जातीचा, यावर आतला मालमसाला बदलतो. त्यामुळे प्रोजेक्ट करणार असाल, तर अनेक शहाळ्यांचं पाणी एकत्र करून, गाळून तेच शेवटपर्यंत वापरा. काही बाटल्या शहाळ्याच्या पाण्याशिवाय ठेवा. नाहीतर रोपं कशामुळे वाढली, हे सांगणार कसं? आणि हो, गोड माध्यम बुरशीलाही आवडतं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एवढा खटाटोप कशाला? सह्याद्रीत सीतेची वेणी फुलली की काही जण अख्खं रोपच झाडावरून ओरबाडून आणतात. बीपासून फुलापर्यंत पोचायला त्याला काही वर्षं लागलेली असतात. लॅबमध्ये एका शेंगेतून शेकडो रोपं झाली, तर जंगलातल्या रोपाला हात लावायची गरजच उरत नाही. मात्र जंगलातली शेंग हवी असेल, तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. सुरुवातीला नर्सरीतल्या रोपाची शेंगही चालेल.