संगणक बंद पडला, तर आधी काय पाहावे?

गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे २ संच वीज निर्माण करतात. जुने सुपा गाव याच जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले, हे तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकले असेलच. मग वीज इतकी जवळ असूनही पावसाळ्यात दिवे का जातात? कारण धरणाची वीज थेट आपल्या घरात येत नाही. ती उच्च दाबाने मोठ्या जाळ्यात जाते आणि उपकेंद्रांतून, रानातल्या तारांवरून परत गावात येते. वाटेत एक फांदी तारेवर पडली तरी पुरवठा तुटतो.

याचा फटका संगणकालाही बसतो. लिनक्स ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली विद्यार्थी असताना लिहायला घेतली. ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. केरळातील सरकारी शाळांतही ती वापरली जाते. पण प्रणाली फुकट असली तरी यंत्र फुकट नसते. म्हणून नवे घेण्याआधी बिघाड नेमका कोठे आहे, ते क्रमाने शोधावे.

१) यंत्र सुरूच होत नाही : आधी प्लग, यूपीएस आणि मागचे बटण पाहावे. पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही आणि बीप ऐकू येतात, असे असेल तर बहुधा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. आपल्याकडच्या दमट हवेत तिचे संपर्क काळवंडतात. प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन, साध्या खोडरबराने ते हलकेच पुसावेत. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असतो.

२) तारीख दरवेळी मागे जाते : मदरबोर्डवरची ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. ती स्वस्तात बदलता येते. घड्याळ चुकीचे असेल तर इंटरनेटवरील सुरक्षित पाने उघडत नाहीत आणि दोष मात्र आपण इंटरनेटला देतो.

३) झोपलेला संगणक जागा होत नाही : 'सस्पेंड'मध्ये काम रॅममध्ये राहते, त्यामुळे वीज गेली की तेही जाते. 'हायबरनेट'मध्ये ते डिस्कवर लिहिले जाते. त्यासाठी डिस्कवर साधारण रॅमएवढी 'स्वॅप' जागा लागते. जागे करताना पडदा काळाच राहिला, तर कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि दोष बहुधा चित्रफलकाच्या ड्रायव्हरमध्ये आहे. अशा वेळी एकदम बटण दाबून बंद करू नये. ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या अंतराने दाबावीत. ती सोय चालू असेल तर राहिलेले लिखाण डिस्कवर जाते आणि यंत्र नीट पुन्हा सुरू होते. नंतर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मागच्या वेळच्या नोंदींतील शेवटच्या ओळी वाचाव्यात.

४) यूपीएस लगेच दम तोडतो : आतली बॅटरी बहुधा काही वर्षांतच थकते, मग बॅटरी तेवढी बदलावी. यूपीएस यूएसबीने जोडता येत असेल, तर लिनक्समधील 'नट' ही प्रणाली बॅटरी संपत आली की संगणक स्वतःच बंद करते. जोडता येत नसेल, तर यूपीएस ओरडू लागताच काम जतन करून संगणक बंद करणे हाच नियम.

येथे एक गैरसमज दूर करावा. ईएक्सटी४ सारखी फाइलपद्धती अचानक वीज गेल्यावर डिस्कवरची मांडणी सावरून घेते. पण जतन न केलेला निबंध ती परत आणू शकत नाही.

पालक व विश्वस्तांसाठी एक सोपी कसोटी सांगतो. यंत्र पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करावे. बिघाड तसाच राहिला तर यंत्रातील भागावर संशय घ्यावा. बिघाड नाहीसा झाला तर डिस्क किंवा तिच्यावरची प्रणाली तपासावी. 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा डिस्कची प्रकृती सांगते, तर 'मेमटेस्ट' रॅमची परीक्षा घेते. एवढे केल्याशिवाय यंत्र भंगारात काढू नये.

शेवटी, प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवावी. तारीख, काय दिसले, काय केले, एवढे तीन रकाने पुरेत. पावसाळाभर मुलांनी ती नीट भरली, तर कोणता भाग खरोखर बदलायचा हे पुढच्या खरेदीच्या वेळी अंदाजाने ठरवावे लागणार नाही. विजा चमकू लागल्या की मात्र प्लग आणि इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवावीत.