घरातला फोन कुणाचा?

जळकोट माझे माहेर. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, उदगीरच्या पुढे, बालाघाटच्या डोंगरात वसलेले हे तालुक्याचे गाव. शिव ओलांडली की नांदेडचा मुखेड तालुका लागतो. पुण्याहून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत पार आंबून जातो. तरी तीस वर्षांत माझी भाऊबीज चुकलेली नाही.

२०२५ सालच्या दिवाळीला मात्र गावावर सणाची कळाच नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाडा धुऊन काढला होता. माझ्या भावाची चार एकर शेती आणि लहानसे किराणा दुकान आहे. त्याचे सोयाबीन उभ्या जागी सडले, आणि दुकानाची उधारी फेडायला गिऱ्हाइकांकडेही काही उरले नव्हते. चकल्या झाल्या, पण पूर्वीसारखा डबा भरून नाही.

अशा घरात महिन्याचे दीड हजार रुपये म्हणजे काय, हे आपल्यासारख्या शहरी पगारदारांना चटकन उमगायचे नाही. २०२४ साली सरकारची 'लाडकी बहीण' योजना निघाली आणि वहिनींच्या खात्यात दरमहा दीड हजार पडू लागले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. त्यांच्या नावाचा हा पहिला पैसा. तो कुठे जातो, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितले होते : लेकीच्या लातूरच्या खानावळीला. भाची बारावी झाली आहे आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसण्यासाठी लातुरात राहते.

तर त्या दिवाळीत वहिनींच्या डोक्यात एकच घोर होता. सप्टेंबरात सरकारचा हुकूम निघाला होता की प्रत्येक लाभार्थी बाईने ई-केवायसी करावी. आधी बाईचा आधार क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याचा ओटीपी.

"दोन्ही आकडे ह्यांच्याच फोनवर येतेत की आक्का," वहिनी म्हणाल्या. आधार कार्ड काढताना नंबर विचारला, तेव्हा त्यांनी नवऱ्याचा सांगितला. दुसरा होताच कुठला? वहिनींच्या हाती जो फोन असतो त्याचे सिमही भावाच्याच नावावर, आणि तो मिस्त्रीपासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना 'घरचा फोन' म्हणून ठाऊक. त्यामुळे वहिनी सेतू केंद्रावर रांगेत उभ्या, ओटीपी भावाच्या दुकानात, आणि मधे धावणारा शेजारचा पोरगा! तो येईपर्यंत आकड्याची मुदत संपलेली. असे तीनदा झाले.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. रांगेतल्या बायका आपापला ओटीपी भाजीचा भाव सांगावा तशा मोठ्याने सांगत होत्या. कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या लेखी ओटीपी म्हणजे मागेल त्याला द्यायची वस्तू. त्याच सुमारास या योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली होती. वहिनींच्या फोनवरही 'घरबसल्या केवायसी' असा एक निरोप आला होता, आणि त्यांनी तो अर्धा भरलाही होता. पुढे एटीएम कार्डाचा नंबर विचारला, तो त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्या वाचल्या. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो, हे पाहायचे मी त्यांना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच होय? मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

रांगेत एक विधवा बाई होती. नवरा नाही, वडील नाहीत. ओटीपी आणायचा कुणाचा? पुढे नोव्हेंबरात मुदत वाढवताना अशा बायकांसाठी कागदपत्रे देण्याची सोय झाली. पण त्या दिवशी ती रिकाम्या हाताने परतली.

मला तेव्हा म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची आठवण झाली. चेतना सिन्हांनी १९९७ साली सुरू केलेली ही बँक. तिथे फोनवरून व्यवहार सुरू करताना बायकांना गुप्त आकडा द्यायचे ठरले, तेव्हा खातेदार बायकाच अडून बसल्या. आकडा कुणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असे त्यांचे म्हणणे. केवढा व्यवहारी मुद्दा! पण काळ असा की अंगठाही पूर्वीसारखा आपला राहिलेला नाही. खेड्यात बँकेचा प्रतिनिधी छोटे यंत्र घेऊन बसतो आणि आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे देतो. 'उमटला नाही, परत ठेवा' म्हणून दोनदा अंगठा घेतला आणि दोनदा पैसे काढले. कागदावरचे ठसे उचलून बनावट अंगठे केले, असे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. आधारच्या अ‍ॅपमधून अंगठ्याला कुलूप घालता येते आणि लागेल तेव्हा उघडता येते. फक्त त्या कुलपाला ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो भावाच्या फोनवर!

हे सगळे मी भावाला रात्री ऐकवणार होते. पण त्या रात्री वेगळेच निघाले.

भाची दिवाळीला घरी आली होती, पण पोर सुकली होती. अभ्यासाने असेल, असे सगळे म्हणत होते. फराळाच्या ताटावर बसे आणि उठून जाई. फोन वाजला की दचके. गच्चीवर आम्ही दोघीच निजलो होतो तेव्हा मी विचारले, आणि बांध फुटला.

दोन महिन्यांपूर्वी अनोळखी खात्यावरून तिला तिचाच फोटो आला होता. चेहरा तिचा, अंगावर कपडे नाहीत. वसतिगृहातल्या गणपतीत काढलेला, साडीतला साधा फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला होता. त्यावरून कुणीतरी यंत्राकरवी हे चित्र तयार केले. पैसे दे, नाहीतर बापाला आणि गावच्या ग्रुपवर पाठवतो. तिने पाचशे दिले. मग सातशे, मग पुन्हा पाचशे. खानावळीचे पैसे होते ते. वहिनींचे दीड हजार इतके दिवस कुठे जात होते, ते मला तेव्हा कळले.

"अगं, घरी का नाही सांगितलंस?"

"आत्या, बाबांना सांगितलं असतं तर आधी फोन गेला असता. फोन गेला की क्लास गेला. क्लास गेला की लातूर गेलं. मग जून उजाडायच्या आत लग्न."

वाचकहो, ती चुकीचे बोलत नव्हती. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा या घरात एकच मोठा फोन होता. तो भाच्याकडे असे, आणि आठवीतली ही पोर त्याच्या खांद्यामागे उभी राहून आपला तास ऐके. पुढे हट्ट करून, नव्वद टक्क्यांवर गुण आणून तिने स्वतःचा फोन मिळवला. तिचा अभ्यास त्यात, चाचण्या त्यात, परीक्षेच्या अर्जाचा ओटीपी त्यात. गुंडाने तिला बदनामीचे भय घातले खरे. पण तिचे तोंड बांधले ते घरच्या भीतीने.

आणि ही गोष्ट एकट्या जळकोटची नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३८ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ६१.५ टक्के. पाहणीत बायकांना आणखीही एक प्रश्न होता : तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? देशभरात जेमतेम ५४ टक्क्यांनी हो म्हटले. पुण्याच्या माझ्या घरी काय आहे? माझ्या फोनचा गुप्त आकडा मुलाने ठरवला आहे आणि बँकेचे अ‍ॅप आमचे 'हे' चालवतात. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, तरी!

आमच्या लहानपणी मुलीच्या नावाने आलेले आंतर्देशीय पत्र आधी वडील फोडत, मग तिला देत. मला मैत्रिणीने लिहिलेली एक साधी चेष्टा वडिलांनी वाचली, आणि त्यानंतर वर्षभर मी कुणाला पत्रच लिहिले नाही. वडिलांना वाटले, पोरगी शहाणी झाली.

सकाळी मी आधी वहिनींना सांगितले. मला वाटले होते, त्या कपाळाला हात लावतील. त्यांनी लेकीकडे पाहिले आणि विचारले, "मग तू जेवत होतीस का नाही, माय?"

भावाला सांगणे अवघड गेले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हात पुढे केला. "दे तो फोन इकडं."

मी म्हटले, "खुशाल घे. पण पुरावा त्याच फोनात आहे. पोलीस आधी तोच मागतील, आणि तो उघडून दाखवायला हीच लागेल."

हे काही मोठे तत्त्वज्ञान नव्हते; त्या घटकेला सुचलेली सबब होती. पण भावाचा हात मागे गेला. तो ओट्यावर जाऊन बसला, तो चहा गार होऊन साय धरेपर्यंत बोलला नाही.

मी या विषयातली जाणकार नव्हे. वर्तमानपत्र वाचून एक आकडा डोक्यात होता, १९३०. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर इथे ताबडतोब फोन करायचा. जितका लवकर, तितके पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त. आम्हांला दोन महिने उशीर झाला होता. ते सतराशे रुपये गेले ते गेलेच. चित्राची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर केली. हे २०१९ पासून चालू आहे आणि बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. रागाच्या भरात भाची त्या माणसाचे खाते बंद करून निरोप पुसायला निघाली होती. तेवढे करू नये. आधी सगळ्या निरोपांचे, खात्याच्या नावाचे, पैसे पाठवल्याच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, मग खाते बंद करावे. आणि पैसा तर एकही देऊ नये, कारण एकदा दिलेला माणूस पुन्हा देतो हे त्या लोकांना पक्के ठाऊक असते.

आणखी एक सोय मला त्या दिवशी कळली, आणि ती ठसठशीत सांगण्यासारखी आहे. 'स्टॉप एनसीआयआय' नावाचे एक संकेतस्थळ २०२१ पासून आहे. आपला फोटो तिथे पाठवायचा नसतो. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. तो ठसा जुळणारे चित्र कुणी चढवू लागला, तर सामील झालेल्या कंपन्या ते अडवू शकतात. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यात आहेत; सगळे जग नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' अशी वेगळी सोय आहे. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनी असले चित्र तक्रार आल्यापासून चोवीस तासांत काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. वकील नको, ओळख नको.

पोलीस ठाण्यात भाऊ स्वतः लेकीबरोबर गेला. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची, असे जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात स्पष्ट आहे. तिथल्या महिला पोलिसाने सगळे शांतपणे लिहून घेतले. ते खाते पुढे बंद झाले. माणूस सापडल्याचे अजून कळलेले नाही. गावच्या ग्रुपवर काही आले नाही, आणि आले असते तरी भाऊ म्हणाला, "मीच आधी सांगणार होतो की हे खोटं हाय."

आमच्या आळीत एक गृहस्थ म्हणाले, पोरींना फोन देऊच नये. हा उपाय नवा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ च्या नोव्हेंबरात अठराच्या आतल्या सर्वच मुलामुलींना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. पालकांची काळजी मला कळते. मुले खेळांत आणि नको त्या चित्रांत बुडालेली मीही वर्गात पाहिली आहेत. पण असा नियम घराच्या उंबऱ्याच्या आत शिरला की मुलगा त्यातून निसटतो आणि तो मुलीपुरता उरतो. त्यापेक्षा मला सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगाव बरे वाटते. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास सगळ्या गावाने टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरले. सगळ्या गावाने म्हणजे बापांनीसुद्धा! खरी गंमत त्यात आहे.

भाऊबिजेला ओवाळले तेव्हा भाऊ ओशाळून म्हणाला, "आक्का, औंदा साडी नाही जमली."

मी म्हटले, "साडी नकोच. वहिनींच्या नावावर एक सिम घे."

सण उलटल्यावर आम्ही तिघे बाजारात गेलो. सिम घेतले, मग आधार केंद्रावर वहिनींनी अंगठा देऊन स्वतःचा नवा नंबर जोडून घेतला. फोन जुनाच, भाच्याने टाकून दिलेला, कोपऱ्यात काच तडकलेली. भाचीने आईला ओटीपी वाचायला, खोटा निरोप ओळखायला आणि फोनला कुलूप घालायला शिकवले. चार आकडे ठरवताना वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

रात्री जेवताना भावाने सहज विचारले, "आकडा काय ठेवलास गं?"

वहिनींनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. "तो कुणाला सांगायचा नसतो म्हणं," त्या म्हणाल्या.