अंगणाचे पाऊसमान

‘देशी झाडे लावा’ हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो. पण देशी म्हणजे नेमकी कुठली, हे क्वचितच विचारले जाते. एका सातारा जिल्ह्याचेच पाहू. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, व्यंकटेश माडगूळकरांमुळे मराठी वाचकाच्या ओळखीच्या झालेल्या माणदेशात तो जेमतेम ५०० च्या आसपास असतो. महाबळेश्वरच्या सदाहरित रानातले झाड देशी खरे, पण दहिवडीच्या अंगणात ते पाहुणेच. उलट, काटक ते सगळे देशी असेही नाही. अमेरिकेतून आलेली घाणेरी कमी पाण्यावर तगते आणि रानभर पसरून इथल्या वनस्पतींची जागा बळकावते.

म्हणून अंगणाचा विचार पावसापासून सुरू करावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. माणदेशातल्या १०० चौरस मीटर अंगणावर वर्षभरात सुमारे ५०,००० लिटर पाणी पडते. तिथे हिरवळ लावली आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर पाणी धरले, तर चार महिन्यांतच ६०,००० लिटर लागतात. म्हणजे पावसाचा थेंबन् थेंब साठवला तरी हिशेब तुटीचाच. ही तूट विहिरीतून किंवा टँकरमधून, म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातून भरून निघते.

माळरानावरच्या वनस्पतींनी ही तूट आपापल्या परीने सोडवली आहे. पळस पाने गाळून खर्च कमी करतो आणि निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. आपटाही उन्हाळ्यात पाने टाकतो. बोरीची मुळे खोल जातात. शतावरी मुळांच्या जुडग्यात पाणी साठवते आणि तिची हिरवी पालवी सुईसारखी बारीक असते. तरवडाची पिवळी फुले आणि कोरांटीचे दाट झुडूप कुंपणाला शोभते. बोर मात्र काट्यांमुळे वाटेपासून दूर लावावी.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी, म्हणजे मुळांना अख्खा पावसाळा मिळतो. उतार असेल तर आडवे बांध घालावेत, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, तो जाळू नये. अंगणभर फरशी घातली तर पाणी मुरायला जागाच उरत नाही. काटक झाडालाही पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावेच लागते. पुढे ते स्वतःचे स्वतः पाहते.

अवघड आहे ते बारमाही हिरवेपणाचा हट्ट सोडणे. असे अंगण मार्च-एप्रिलमध्ये करडे, उघडेवाघडे दिसणार. त्याला आपण ओसाड म्हणतो. पण निष्पर्ण आपटा मेलेला नसतो, तो पावसाची वाट पाहत असतो. माणदेशातला शेतकरीही त्या दिवसांत तेच करत असतो. अंगणाने त्याच्याच पाऊसमानात राहावे, एवढीच अपेक्षा आहे.