चाक गोल दिसत नाही

चाकणच्या एमआयडीसीत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीकडे जरा तिरकं पाहिलं, तर तिचं चाक लंबगोल दिसतं. नवशिक्याला तीच मोटार काढायला सांगा, चाक बहुधा जवळजवळ गोल उतरतं. ‘हातच वळत नाही’ अशी तक्रार मग होते. पण तोच हात छापील चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवताना फारसा चुकत नाही. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये तिरक्या ठेवलेल्या तबकड्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना दिसलेला आकार डोळ्यात पडणाऱ्या प्रतिमेपेक्षा अधिक गोल होता. तबकडी गोल आहे हे ठाऊक असणंही पाहण्यात लुडबूड करतं. पुढे १९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी चित्र चुकण्याची कारणं वेगवेगळी करून तपासली. त्यांच्या मते मोठा वाटा हाताचा नव्हता, वस्तू चुकीची पाहण्याचा होता.

चौकोन पाडून चित्र काढण्याची जुनी रीत नेमकी या लुडबुडीवर उपाय करते. फोटोवर एक सेंटीमीटरचे चौकोन आखायचे, कागदावर तीन सेंटीमीटरचे, आणि एकेका चौकोनातली रेषा तिच्या जागी न्यायची. चौकोनात चाक नसतं. डाव्या कडेच्या मध्यावरून शिरून वरच्या कोपऱ्याजवळ बाहेर पडणारी एक वाकडी रेषा असते. तिला नाव नाही, म्हणून तिच्याबद्दल आधीची समजूतही नाही. मोटारींच्या पत्राकामातही हीच युक्ती आहे, आणि हे साम्य मला फार मोलाचं वाटतं. सपाट पत्र्यावर बारीक वर्तुळांची जाळी उमटवतात आणि मग तो प्रेसमध्ये दाबतात. वर्तुळं लंबगोल होतात. पत्रा कुठे, कोणत्या दिशेने, किती ताणला गेला आणि कुठे फाटू शकेल, ते त्यावरून मोजता येतं. नुसत्या नजरेला तो भाग गुळगुळीतच दिसतो.

चौकोनांच्या रीतीवर चित्रकला शिक्षकांचा आक्षेप असतो की ही कुबडी आहे, तिने नुसते नक्कल करणारे तयार होतात. आक्षेपात तथ्य आहे. वर्षभर एकाच मापाचे चौकोन भरणाऱ्याच्या चित्रात प्रमाण बिनचूक असतं, पण रेषा तुकड्यातुकड्यांनी जोडलेली आणि वस्तू सपाट राहते. मात्र दोष चौकोनांचा नाही, ते कधीच न काढून घेण्याचा आहे. चौकोन आधी दुप्पट मोठे करावेत, मग फक्त मधली उभी-आडवी रेषा ठेवावी, शेवटी कागदाच्या कडेला चार खुणा. दुसरा आक्षेप असा की हे फोटोपुरतंच चालतं. इटलीत आल्बेर्ती या चित्रकलेच्या अभ्यासकाने १४३५ मध्येच समोरच्या जिवंत माणसाकडे दोऱ्यांनी विभागलेल्या पातळ पडद्यातून पाहायला सांगितलं होतं, तेव्हा फोटो कुठला! एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत वस्तुचित्रासाठी समोर मांडलेल्या वस्तूंवर कोणी चौकोन आखून देत नाही. तिथे विद्यार्थी हात ताठ करून पेन्सिल उभी-आडवी धरतो, एक डोळा मिटतो आणि तांब्याच्या काठाची रुंदी तांब्याच्या उंचीत किती वेळा बसते ते मोजतो. तो काठ कागदावर लंबगोल उतरला, तर चौकोन आता नजरेतच आखले जात आहेत.