आधी दोरी, मग खोगीर

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी संग्रामपूर तालुक्यातल्या गोठ्यांत बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून शेक देतात. ज्या अंगावर भार टाकायचा ते अंग आधी जपायचं, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. गोऱ्हा कामाला लावतानाही तो हाच विचार करतो. जनावर अदत, म्हणजे पक्के दात न आलेलं, आहे की दोनदाती, हे तोंड उघडून बघतो. मग त्याला जुन्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपतो, एखादं हलकं लाकूड ओढायला देतो, भुसभुशीत रानात वखराला लावतो आणि नांगराचा विचार सर्वांत शेवटी करतो. मात्र त्याच गावांत कुणी हौसेनं शिंगरू आणलं, की हे सगळं शहाणपण गोठ्यातच राहतं. दीड-दोन वर्षांच्या शिंगराच्या तोंडात लगाम कोंबायचा, दोघांनी कान धरायचे, तिसऱ्यानं टांग मारायची आणि ते दमून उभं राहीपर्यंत पळवायचं, याला घोडा ‘काढणं’ म्हणतात. घोडा शिकवण्याचा खरा काळ त्याच्या पाठीवर कोणी नसतं तेव्हाचा असतो. पहिली स्वारी ही त्या शिक्षणाची परीक्षा. अभ्यास न घेता परीक्षेला बसवलं, तर पोरगं नापास होतं आणि घोडा पाडतो.

आधी वयाचं बघू. बैलासारखेच घोड्याचेही दुधाचे दात पडून पक्के दात येतात. समोरच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, दुसरी साडेतीन वर्षांनी, तिसरी साडेचार वर्षांनी. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. दाढाही याच काळात बदलत असतात. म्हणजे आपण ज्या वयात शिंगराच्या तोंडात पहिल्यांदा लोखंड घालतो, नेमक्या त्याच वयात त्याच्या हिरड्या दुखऱ्या असतात. मान झटकणारं, जीभ बाहेर काढणारं शिंगरू ‘हट्टी’ ठरतं, पण पुष्कळदा त्याचं तोंड दुखत असतं. हाडांचंही असंच आहे. लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते आणि ती खालून वर भरत येते. खुराजवळची हाडं लवकर पक्की होतात, पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचा भाग दोन-अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीचा कणा सर्वांत शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. आपण बसतो ती जागा सगळ्यांत उशिरा तयार होते. हे आजच्या पशुवैद्यकानं लावलेले शोध आहेत असं कुणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात, शिंगराचा खुराक वयानुसार सांगितला आहे आणि घोडा चार-पाच वर्षांचा झाला की पूर्ण वाढतो, कामाला योग्य होतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. ज्या राजसत्तेला घोडे तातडीनं हवे असत, तिचा ग्रंथसुद्धा थांबायला सांगतो.

यावर रेसकोर्सचा दाखला दिला जातो. मुंबई-पुण्याला घोडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पळतात, मग आमच्याच शिंगराला काय होतं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लहान वयात पळण्याचा ताण मिळाला तर हाडं अधिक बळकट होतात, असं मानायला संशोधनाचा आधार आहे. सतत ठाणबंद ठेवलेलं शिंगरू उलट कमजोर निघतं. पण तो ताण शिंगराच्या स्वतःच्या वजनाचा असतो, मोकळ्या रानात मनासारखं धावण्याचा असतो. रेसचा घोडा अंगानं मोठा, त्याच्यावरचा जॉकी वजनानं हलका, आणि तोही पाठीवर न टेकता रिकिबीत उभ्यानं झुकलेला. शिवाय त्याच्यामागे रोज पाय चाचपणारी माणसं असतात. आपल्याकडच्या अडीच वर्षांच्या शिंगराचं वजन अडीचशे-तीनशे किलो धरलं आणि ६५ किलोचा माणूस आठ किलोच्या खोगिरासह त्यावर बसला, तर तो भार शिंगराच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त होतो. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्ण वाढलेल्या घोड्यांवर वेगवेगळी वजनं लादून पाहिली. शरीराच्या १५ ते २० टक्के भार त्यांनी सहज पेलला. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले, स्नायू दुखरे झाले. आपल्या कायद्यातही या विचाराची खूण सापडते. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या नियमांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादू नये, असं आहे. ते ओझ्याबद्दल आहे, स्वारीबद्दल नाही, हे खरं. पण पाठीला गोणीचं वजन आणि माणसाचं वजन यातला फरक कळत नाही.

शरीरापेक्षा मोठा प्रश्न मनाचा आहे. घोडा हे शिकार होणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. गवताळ रानात त्याच्या पाठीवर झेप घेणारं एकच जनावर असायचं, ते म्हणजे त्याला खाणारं. माणूस नेमका तिथेच चढतो. लाखो वर्षांची ही भीती चाबकानं जात नाही, ती फक्त दबते आणि दबलेली भीती एखाद्या दिवशी बँडच्या आवाजानं किंवा फटाक्यानं उसळते. वरातीत नवरदेवाला घेऊन उधळलेली घोडी ‘बिथरली’ असं आपण म्हणतो. तिला कधी नीट शिकवलंच नव्हतं, हे कुणी म्हणत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१० साली कोवळ्या घोड्यांवर केलेला प्रयोग इथे आठवावा. काही घोड्यांना आज्ञा पाळल्यावर दाणा दिला, काहींना दिला नाही. दाणा मिळालेले लवकर शिकले, त्यांचं चावणं-लाथाडणं कमी राहिलं आणि कित्येक महिन्यांनंतरही ते माणसाच्या जवळ आपणहून येत राहिले. घोड्याची स्मरणशक्ती लांब पल्ल्याची असते. म्हणूनच पहिल्या आठवड्यात त्याला काय आठवणीत ठेवायला द्यायचं, याला एवढं महत्त्व आहे.

जमिनीवरचा अभ्यास म्हणजे नेमकं काय? सुरुवात मोहरकी आणि दोरीनं होते, लगामानं नाही. दोरीला हलका ताण द्यायचा आणि शिंगरानं एक पाऊल पुढे टाकलं, की त्याच क्षणी सैल सोडायचा. शिंगरू ताणानं शिकत नाही, सैल सोडल्यानं शिकतं. सैल सोडायला दोन क्षण उशीर झाला, तर ‘पाऊल टाकलं म्हणून सुटलो’ हे त्याच्या ध्यानात येत नाही, मान झटकल्यावर सुटलो असं ते धरून बसतं. पुढे चाल, थांब, मागे हट, मागचा भाग बाजूला घे, एवढे चार धडे दोरीवर पक्के झाले, की स्वारीचं निम्मं काम झालं, कारण पाठीवरून टाच आणि लगाम हीच भाषा बोलणार असतात. मग घोंगडी. आधी ती हुंगू द्यायची, मग खांद्यावर घासायची, मग पाठीवरून अलगद सरकवायची, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. घोडा एका बाजूनं जे शांतपणे सोसतो, तेच दुसऱ्या बाजूला पुन्हा दाखवावं लागतं, हा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. पोतं, छत्री, फडफडणारं प्लॅस्टिक यांची ओळखही अशीच करून द्यायची. जवळ न्यायचं, तो ताठरला की थांबायचं, त्याची मान खाली आली की दूर घ्यायचं. सर्वांत नाजूक पायरी तंगाची, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याची. खोगीर ठेवून तंग एकदम आवळला, तर शिंगरू श्वास रोखून पोट फुगवतं आणि चौथ्या-पाचव्या पावलाला उसळतं. तंग एकेक भोक करत, मध्ये चार पावलं चालवत आवळायचा असतो. एवढी एक गोष्ट सांभाळली, तरी कित्येक मोडलेल्या बरगड्या वाचतील.

या अभ्यासातल्या एका पायरीसाठी मराठीत जुना शब्द आहे, तो म्हणजे कावा. घोड्याला लांब दोरीवर धरून गोल फिरवण्याला कावा म्हणत, ‘घोडा काव्यावर धरणे’ असा प्रयोग होता. आज आपल्याला ‘गनिमी कावा’ तेवढा माहीत आहे, पण या शब्दाला पागेतल्या मातीचा वास आहे. शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांसमोर उभी ठाकली, तेव्हा त्या घोडदळातला प्रत्येक घोडा कधीतरी अशा दोरीवर फिरलेला असणार. काव्यात घोडा तोल सावरायला शिकतो. उभ्या घोड्याचं वजन मुळातच पुढच्या पायांवर जास्त असतं, आणि माणूस बसला की त्यात भर पडते. गोलावर मागचे पाय अंगाखाली घेऊन चालायची सवय लागली, तर हा भार मागे वाटला जातो. पण कावाही औषधासारखा मोजून द्यायचा. लहान गोलात अर्धा-अर्धा तास पळवून दमवणं म्हणजे कोवळ्या सांध्यांची खराबी करणं. गोल मोठा हवा, वेळ दहा-पंधरा मिनिटांची, आणि दोन्ही दिशांना सारखी.

एवढं झालेल्या घोड्यावरची पहिली स्वारी बघायला गर्दी जमवावी, असं तीत काही नसतं. स्वार चौथऱ्यावर उभा राहतो, म्हणजे घोड्याला आपला माणूस उंचावर दिसायची सवय होते. मग तो खोगिरावर पोटानं ओणवा पडतो, वजन क्षणभर टाकतो आणि उतरतो. घोड्यानं कान मागे न टाकता उसासा सोडला, तोंड चघळलं, तर पुढे जायचं. मग पाय पलीकडे टाकून, हळूच बसायचं. दोरी खाली ओळखीच्या माणसाच्या हातात असते आणि चालवतोही तोच. स्वार ओझं होऊन बसतो, फार तर आवाज देतो. वीस पावलं, एक वळण, थांबा, उतरा. दहा मिनिटांत संपलेली स्वारी दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. तासभर झुंजून ‘जिंकलेली’ स्वारी दुसऱ्या दिवशी तोंडात लगाम घेऊ देत नाही.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप व्यवहाराचा असतो. घोड्याला चार वर्षं नुसतं खायला कोण घालणार? खानदेशात सारंगखेड्याच्या बाजारात, दत्तजयंतीला, चाल दाखवणाऱ्या जनावराला भाव मिळतो. घोडा शिकवणाऱ्याला मराठीत चाबुकस्वार म्हणतात, तो पंधरा दिवसांत घोडा तयार करून देतो, आणि असे कितीतरी घोडे वर्षानुवर्षं कामही करतात. हे खरं आहे. पण पंधरा दिवसांत तयार झालेले आपल्याला दिसतात. तोंड फाटून, पाठ धरून, माणसं पाडून कसायाकडे किंवा रस्त्यावर गेलेले कुणी मोजत नाही. शिवाय थांबायचं म्हणजे रिकामं बसायचं असं नव्हे. दोरीचा, घोंगडीचा, खूर उचलू देण्याचा अभ्यास शिंगरू वर्षाचं असतानाच सुरू करता येतो, रोजची पंधरा मिनिटं पुरतात, आणि त्याला पैसा लागत नाही. विकणाऱ्यालाही यात तोटा नाही. खूर साळसूदपणे देणारं, गाडीत न ओढता चढणारं, माणसाच्या मागे सैल दोरीवर चालणारं जनावर जाणत्या गिऱ्हाईकाला आवडतं. दुसरा आक्षेप धाकाचा: लाडानं घोडा डोक्यावर बसतो. बसतो, हे खरं, पण लाड आणि अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत. दोरीवर मागे हटायला शिकलेला घोडा माणसाच्या अंगावर येत नाही. काटेरी लगामानं तोंड रक्ताळलेला घोडा मात्र एक दिवस वेदना सहन न होऊन मागच्या पायांवर उभा राहतो. काटे असलेला लगाम वापरायला १९६५ च्या त्याच नियमांनी बंदी आहे, तरी बाजारात असे लगाम दिसतात.

जमिनीवरच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्र दरवर्षी आषाढात डोळ्यांनी पाहतो. आळंदीच्या पालखीसोबत बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. त्यातल्या माउलींच्या अश्वावर कुणीच बसत नाही. पुरंदावड्याच्या किंवा खुडूसच्या गोल रिंगणात हजारो माणसं, टाळ, मृदंग, पताका आणि जयघोष यांच्या मधून तो अश्व स्वाराविना धावतो, आणि पायाखालची माती उचलायला माणसं वाकतात. त्याच्या तोंडाला ओढणारा हात नसतो. असतं ते फक्त दोरीवर, पायी आणि धीरानं मिळालेलं शिक्षण. शेगावहून निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीतले अश्व तर संग्रामपूरच्या लोकांच्या ओळखीचे आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी शिंगरू विकायला आणलं आणि त्यावर बसून दाखवू लागला, तर त्याला आधी उतरायला सांगा. तोंड उघडून दात बघा. मग दोरी आपल्या हातात घ्या, चार पावलं चाला आणि थांबा. शिंगरू दोरी सैल असताना तुमच्याबरोबर थांबलं, तरच पैशाची बोलणी करा.