पहाटेचा वारा समुद्राकडे

रत्नागिरीत मांडवीजवळच्या एखाद्या सोसायटीत हिवाळ्यात पहाटे फेऱ्या मारा. समुद्र इतका जवळ, तरी वारा बहुधा जमिनीकडून येतो. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. पाणी तापायला खडक-मातीच्या कित्येक पट उष्णता लागते, आणि ते निवतंही सावकाश. जांभ्याचा कातळ मात्र रात्रभर उष्णता आकाशात सोडून गार पडतो. त्यावरची हवा जड होऊन समुद्राकडे वाहते. दुपारी दिशा उलटते, खारे वारे सुटतात. पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपुढे ही ये-जा जवळजवळ झाकली जाते.

शांत, निरभ्र पहाटे जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असते. एरवी वर जाणारा धूर त्या थराखाली अडकतो. म्हणूनच पहाटे आवारात पातेरा पेटवायला माझा ठाम विरोध आहे. भरभर चालताना श्वास वाढतो, धूरही तितकाच जास्त आत जातो. त्या पातेऱ्याचं झाडांच्या आळ्यात उत्तम खत होतं.

शक्य असेल तर थोडं उजाडल्यावर निघा. डोळ्यांच्या पडद्यातल्या काही पेशी सकाळचा प्रकाश टिपून मेंदूतलं जैविक घड्याळ लावतात, आणि रात्रीची झोप वेळेवर येते.